जिथं आकडे थांबतील

परवा कूलर बाहेर काढला. गवताच्या जुन्या ताट्या फेकल्या, नव्या बसवल्या, टाकीत पाणी भरून बटण दाबलं, आणि पहिल्याच झुळकेबरोबर ओल्या गवताचा तो वास खोलीभर पसरला. नागपुरात या वासाची माणसं वाट पाहतात. मीही पाहायचे. पण दोन वर्षं झाली, हा वास आला की आधी मी कूलर बंद करते. मग मीच मला समजावते, काही झालेलं नाही, नुसता उन्हाळा आला आहे.

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आमच्या घरात माझ्या नणंदेच्या डोक्यातून शिरला.

रजनीताई माझ्या नवऱ्याची, प्रकाशची मोठी बहीण. लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत आस्थापना विभागात नोकरी आणि आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणं. मी लग्न होऊन आले तेव्हा आम्हा दोघींचं फारसं जमत नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. मी शाळेत मराठी शिकवणारी, त्या आकड्यांच्या वेड्या. एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. "शोभा, हे सोडवून पाह्य. नाही जमलं त सोडून दे." मला नाही जमलं. पण सोडूनही देता येईना.

तो किलर सुडोकू होता. साधं सुडोकू बहुतेकांना माहीत असतं: नऊ ओळी, नऊ उभ्या रांगा, एक ते नऊ आकडे. तिथं काही आकडे आधीच भरून मिळतात. किलरमध्ये एकही आकडा मिळत नाही. नुसत्या तुटक रेषांनी घरांचे गट पाडलेले असतात. त्यांना आम्ही पिंजरे म्हणायचो. प्रत्येक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक बेरीज लिहिलेली असते आणि एका पिंजऱ्यात एक आकडा दोनदा येत नाही. दोन घरांची बेरीज सतरा असेल तर आत आठ आणि नऊच. तीन घरांची सहा असेल तर एक, दोन, तीन. एवढ्या बारीक फटीतून आत शिरायचं आणि सगळं घर उजळत न्यायचं.

रजनीताईंना सोडवण्यात गोडी नव्हती. त्यांना नवे प्रकार रचायचे असत. त्यांचा 'गैरहजर' नावाचा एक प्रकार होता. त्यात कोपऱ्यातला आकडा पिंजऱ्यात असलेल्यांची बेरीज सांगत नाही, नसलेल्यांची सांगतो. कचेरीत हजेरीपट सांभाळणाऱ्या बाईलाच हे सुचावं. दुसरा प्रकार 'नणंद-भावजय'. दोन पिंजरे शेजारी शेजारी. दोन्हींची बेरीज सारखी, पण आतला एकही आकडा सामाईक नाही. "आपल्यासारखंच," त्या म्हणाल्या होत्या, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघी एकत्र हसलो होतो. त्यानंतर त्या रचायच्या आणि मी तपासायची. कोड्याला उत्तर आहे ना, आणि एकच आहे ना, एवढंच तपासायचं. दोन उत्तरं निघाली तर कोडं बाद. मग ते इंटरनेटवर जायचं, आणि कुठकुठली माणसं त्याच्याशी झटापट करायची.

त्या वर्षी चैत्रातच ऊन चाळीसच्या वर गेलं होतं. प्रकाश कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या अडतीवर कामाला. संध्याकाळी तो आला की भिवापुरी मिरचीचा ठसका त्याच्याबरोबर घरात यायचा, आणि तो अंघोळ करून येईपर्यंत सगळे शिंकत बसायचो. अशाच एका संध्याकाळी मी ताईंचं नवं कोडं घेऊन बसले होते. शिंक आवरता आवरता माझी नजर एका पिंजऱ्यावर अडली. तीन घरं. बेरीज पंचवीस.

तीन घरांची बेरीज पंचवीस होत नाही. सात, आठ, नऊ मिळून चोवीस. त्यापुढे आकडेच नाहीत. मला वाटलं, ताईंनी काही डाव टाकला असेल, हा 'गैरहजर' असेल. तसं धरून पाहिलं, तरी कोडं पुढे सरकेना. मी जिना चढून वर गेले.

"ताई, हा पिंजरा पाहा ना."

त्यांनी पाहिलं. "काय झालं त्याले?"

"पंचवीस आहे."

"मंग?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या, मी काहीतरी बाळबोध विचारते आहे अशा नजरेनं. मग त्यांनी परत कागदाकडे पाहिलं. सात, आठ, नऊ बोटावर मोजले. पुन्हा मोजले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उतरलं ते मी आजवर विसरलेले नाही. मराठीच्या बाईला 'क' काढता येऊ नये, तसं ते होतं.

"शोभा," त्या म्हणाल्या, "माह्या डोक्यात काहीतरी बिघडून राहिलं आहे."

थकवा असेल, ऊन लागलं असेल, असं प्रकाश म्हणत राहिला. कांदा खिशात ठेव, पन्हं पी. पण त्या आठवड्यातच त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि बोलता बोलता साधे शब्द हरवायला लागले. 'चमचा' म्हणायचं असे आणि त्या हवेत ढवळून दाखवत. मग तपासण्या. मशीनमधून निघालेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रात डाव्या कानाच्या वर, थोडा मागे, एक धुरकट डाग दिसला. पहाटे शेतावर उतरतं तसं धुकं.

सर्जन बाई होत्या. शांत, मोजकं बोलणाऱ्या. गाठ हळू वाढणारी आहे, म्हणाल्या, पण काढायला हवी. जेवढी जास्त निघेल तेवढं पुढचं आयुष्य जास्त. अडचण अशी, की ती जिथं आहे तिथंच शब्द आणि हिशेब राहतात. म्हणून शस्त्रक्रिया ताईंना जागं ठेवून करायची. मेंदूला स्वतःला दुखत नाही. त्या एकेका जागी हलकासा विजेचा स्पर्श करणार, त्याच वेळी ताईंना प्रश्न विचारले जाणार. उत्तर अडलं, की ती जागा कामाची.

"आणि कामाच्या जागेवरच गाठ असली तर?" मी विचारलं.

"तर तुम्हाला आधी ठरवून मला सांगावं लागेल. तिथं थांबू, की काढू?"

त्या प्रश्नानं आमचा वैशाख पेटला.

प्रकाशचं उत्तर तयार होतं. सगळं काढा. ताईंचंही तयार होतं. जिथं आकडे थांबतील तिथं थांबा. बहीण-भाऊ दोघंही उमरेडच्या कोळशाच्या धुळीत वाढलेले, दोघंही सारखेच हट्टी. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खुर्च्या टाकल्या की तोच विषय निघायचा. तापलेल्या फरशीतून वाफ वर यायची आणि दोघांच्या आवाजातूनही.

"ताई, तू पागल झाली का? जीव राहिला त आकडे पुन्हा शिकता येतीन. सगळं काढलं त जास्त वर्षं मिळतात, डॉक्टरबाई सोता म्हणून राहिली."

"जास्त वर्षं कोनाले मिळतात गा?"

"कोनाले म्हंजे? तुले!"

"जिले आकडे येत नाही ती बाई कोन आहे, मले नाही मालूम. तिच्यासाठी मी काहून डोकं उघडून घेऊ?"

प्रकाश उठून गेला. फाटक एवढ्या जोरात आपटलं की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. त्यानंतर किती तरी दिवस तो ताईंशी फक्त कामापुरतं बोलला. औषध घेतलं का. टाकी भरली का. रात्री माझ्याशी बोलताना मात्र त्याचा आवाज फुटायचा. "आई-बाबा गेले, मले एकच बहीण आहे वं. ती सुडोकूसाठी मरायले निघाली." मी त्याला चूक म्हणू शकत नव्हते. आणि वर जिना चढून गेले की ताईंनाही म्हणू शकत नव्हते. सकाळच्या वंदनेला दोघं बुद्धमूर्तीसमोर शेजारी बसायचे, एका सुरात म्हणायचे, आणि उठताना एकमेकांकडे न पाहता उठायचे.

त्याच दिवसांत ऋतुजा आमच्या आयुष्यात आली. हॉस्पिटलमधली मानसतज्ज्ञ, तिशीच्या आतबाहेरची. शस्त्रक्रियेत ताईंना प्रश्न तीच विचारणार होती. त्यासाठी आधी सराव. तिनं नेहमीची कार्डं काढली: सात अधिक पाच, नऊ उणे चार. ताई कार्ड वर येण्याआधी उत्तर देऊन मोकळ्या. गाठीनं बरंच काही झाकोळलं होतं, पण हे नाही.

ऋतुजा म्हणाली, "मावशी, हे तुम्ही झोपेतही सांगाल. मला तुम्हाला विचार करताना पाहायचं आहे."

ताईंचे डोळे कित्येक आठवड्यांनी चमकले. "मंग माह्या पिंजऱ्याचे कार्डं करू."

आणि मग नवतपाच्या, वर्षातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांतल्या त्या दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, खिडक्यांना ओले पडदे टाकून आम्ही दोघी जगातला सगळ्यात लहान किलर सुडोकू शोधत बसलो. अट कडक होती. कार्ड समोर आल्यापासून एक श्वास घेऊन सोडेपर्यंत उत्तर देता आलं पाहिजे. उत्तर एकच असलं पाहिजे. आणि ते पाठ करून येता कामा नये. अख्खं कोडं चालणार नव्हतं, त्याचा चतकोरही नाही. एकेक प्रकार घेऊन आम्ही त्याला कापत गेलो. 'गैरहजर' फार लांबला. शेवटी हाती राहिला 'नणंद-भावजय'. डाव्या पिंजऱ्यात सहा आणि नऊ, उजवा पिंजरा रिकामा. बेरीज तीच, आकडे वेगळे. उत्तर: सात, आठ. पंधराची बेरीज याहून तिसऱ्या प्रकारानं होतच नाही.

"पाचाची चालते," ताई म्हणाल्या. "सहाची चालते. चौदा, पंधरा. बस. मधल्या बेरजांले दोन-दोन, तीन-तीन उत्तरं निघतात."

"तीन घरांचे घ्यायचे का?"

त्या बोटांवर मांडू लागल्या. ओठ हलत होते. कपाळावर घाम होता, आणि तो उकाड्याचा नव्हता. पूर्वी जे त्यांना दिसायचं ते आता त्यांना धुक्यात चाचपडून काढावं लागत होतं. मला उत्तर सापडलं होतं, पण मी ते जिभेवर दाबून धरलं.

"अकरा," त्या अखेर म्हणाल्या. "एक, तीन, सात. तिची नणंद कोन? दोन, चार, पाच. दुसरी कोनीच नाही."

त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी तोंडावर मारलं. आम्ही एक नवा प्रकार रचला होता. इतका छोटा, इतका नेमका, आधी कोणी केलेला नसेल असा. आणि तो उघड्या डोक्यानं सोडवायचा होता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी प्रकाशनं सही केली. सर्जनबाईंनी विचारलं, "काय ठरलं?" तो म्हणाला, "तिचं डोकं आहे. तिले विचारा." एवढं बोलून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर लू, उन्हाची गरम झळ, इतकी होती की समोरची इमारत पाण्यात असल्यासारखी हलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना आत नेलं. बाहेरच्या लांबट खोलीत एसी इतका गार की मी दुपट्टा अंगभर गुंडाळून बसले. प्रकाश बसलाच नाही. दार उघडलं की तो दोन पावलं पुढे जायचा, कोणी वॉर्डबॉय निघायचा, तो परत यायचा. आत काय चाललं होतं ते मला नंतर ऋतुजानं सांगितलं, आणि सांगताना तिचा हात माझ्या हातात होता.

ताई एका कुशीवर होत्या, डोळे उघडे, तोंडासमोर ऋतुजा. पडद्यामागे सर्जनबाई. कार्डांमागून कार्डं. सात, आठ. एक, चार. पाच, नऊ. ताई सावकाश पण बरोबर सांगत होत्या. मग एका कार्डावर त्या थांबल्या. डावीकडे चार आणि नऊ. उजवीकडे रिकामं. श्वास घेऊन सोडण्याची वेळ संपली. दुसरा श्वासही संपला. ऋतुजानं म्हटलं, "थांबल्या." पडद्यामागे सर्जनबाईंचा हात जागच्या जागी थिजला.

आणि मग ताईंचा आवाज आला. घोगरा, वैतागलेला.

"हे कार्ड शोभानं तपासलेलं नाही वाटते. याले दोन उत्तरं आहेत. पाच-आठ बी होते, सहा-सात बी."

ते कार्ड ऋतुजानं स्वतः बनवलं होतं. जुनी कार्डं ताईंना पाठ झाली असतील या काळजीनं शेवटच्या दिवशी भर घातली होती. "मला तिथंच रडू आलं," ती म्हणाली. "सर्जनबाई हसल्या. त्यांना शस्त्रक्रियेत हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ही जागा ठीक आहे, पुढे चला."

पण ते हसू फार टिकलं नाही. थोडं आत गेल्यावर सहा आणि नऊचं कार्ड आलं, सगळ्यात सोपं, सरावात एकदाही न चुकलेलं. ताई म्हणाल्या, "सहा." मग पुन्हा, "सहा." मग ओठ हलत राहिले आणि आवाज आला नाही. स्पर्श काढला, आकडे परत आले. पुन्हा केला, पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही तेच. सर्जनबाईंनी ताईंना नाव घेऊन सांगितलं, "रजनीताई, तुम्ही सांगितलेली जागा आली. आता मी थांबते आहे." ताईंनी पापण्या मिटून उघडल्या. हो.

बाहेर येऊन बाईंनी मास्क खाली ओढला. "बहुतेक सगळी निघाली. तुरीच्या दाण्याएवढी ठेवली आहे."

प्रकाशनं मान हलवली. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. मी त्याच्याजवळ गेले नाही. त्याला आनंद झाला होता, की राग आला होता, ते त्यालाही माहीत नसावं.

पहिले काही दिवस ताई बोलल्याच नाहीत. सूज आहे, उतरेल, असं सांगितलं होतं, तरी प्रत्येक सकाळी भीत भीत मी त्यांच्या खाटेशी जायचे. मग एक शब्द आला, 'पानी'. मग माझं नाव. मग, रोहिणीच्या सरी येऊन गेल्यावर, घरी आल्यावर, एक दिवस त्यांनी कागद मागितला आणि एक छोटा पिंजरा काढला. बरोबर होता. मी तीनदा तपासला.

काय गेलं ते आम्हाला उशिरा कळलं. पावसानं उघडीप दिली तेव्हा गच्चीवर मी कुरडया वाळत घातल्या होत्या, सरळ ओळींत. ताईंना सवय, अशा ओळी दिसल्या की एकूण सांगून टाकायची. त्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "शोभा, नऊ साते किती वं?"

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. पाढे गेले होते. दोन ते तीस, पावकी-निमकीसकट, त्यांच्या वडिलांनी संध्याकाळी दारात उभं करून दोघा भावंडांकडून घोकून घेतलेले. त्यातला एकही उरला नव्हता. बेरीज होती, वजाबाकी होती, पिंजरे होते. नऊ सात वेळा मिळवून त्या त्रेसष्टला पोचत होत्या. पण जिभेवरून आपोआप घरंगळत येणारं ते गाणं कुठल्या तरी वेगळ्या कोपऱ्यात राहत होतं, आणि तो कोपरा रिकामा झाला होता. ऋतुजा म्हणाली, असं होतं कधी कधी. पाठांतर आणि विचार एका घरात राहत नाहीत.

"चाललं," ताई म्हणाल्या. "विचार ठेवला ना तिनं."



आता परत उन्हाळा आहे. दर काही महिन्यांनी ते काळं-पांढरं चित्र काढावं लागतं, आणि त्याआधीचे दिवस आम्ही तिघं एकमेकांशी फार हळू बोलतो. गेल्या आठवड्यात काढलं. दाणा तेवढाच आहे. सर्जनबाई म्हणाल्या, दिवाळीनंतर या. परतताना रिक्षात प्रकाश एकदम म्हणाला, "मी आजही म्हणतो, सगळं काढायले पाहिजे होतं."

"म्हण," ताई म्हणाल्या.

"दिवाळीत वाढलेला दिसला त?"

"दिसला त दिसला. मी आजही तेच म्हणीन."

कोड्याला दोन उत्तरं निघाली तर ते बाद करायचं, हे मी इतकी वर्षं पाळत आले. त्या रिक्षात, उन्हानं तापलेल्या सीटवर दोघांच्या मधे बसून, मला त्यांच्यातलं कुठलं उत्तर खोडावं ते कळत नव्हतं. आजही कळत नाही. रजनीताईंनी नवा प्रकार रचायला घेतला आहे. तो अजून त्यांना नीट सांगता येत नाही, आणि मला तो अजून नीट कळलेला नाही. पण त्याला उत्तर आहे, असं त्या म्हणतात.

काल ऊन कललं तशी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघं बसले होते, माझ्याकडे पाठ करून. प्रकाशच्या अंगावर बाजारातलाच शर्ट होता, हातपायसुद्धा न धुता तो सरळ वर आला असावा. मला आधी वाटलं, पुन्हा वाद चालला आहे. मग कानावर आलं.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर," प्रकाश म्हणाला. "आता तू. तेरा सत्ते?"

ताईंची बोटं मांडीवर हलत होती. अठ्ठ्याहत्तरात तेरा मिळवत होत्या. उशीर लागत होता. मला मागून उत्तर देता आलं असतं, प्रकाशला तर आलंच असतं. पण तो तिच्यासाठी थांबला होता. हात गुडघ्यांभोवती बांधून, समोर कुठे तरी पाहत.

"एक्क्याण्णव," ताई म्हणाल्या.

"पुढं," प्रकाश म्हणाला.